उकंड्याची एक गाडी

बडनेऱ्याच्या स्टेशनावर कापूस नेणाऱ्या गाडीवानांचा चौधरी, म्हणजे म्होरक्या, निवडायचा होता. जो हवा त्याच्यामागे आपली गाडी उभी करायची, एवढाच कायदा.

सहा वर्षं चौधरी होता खुशाल, आणि सहा वर्षं त्याच्या गाडीची धूळ खात होता त्याचा चुलतभाऊ उकंडा. कापसाला सोन्याचा भाव आला तशा खुशालच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या, नि उकंड्याच्या पोटात कळ उठली. म्हणून तो खुशालविरुद्ध उभ्या राहिलेल्या नबी गाडीवानासाठी दारोदार फिरला. नबी लायक होता म्हणून नव्हे, तो खुशाल नव्हता म्हणून!

दोन्हीकडे एकवीस-एकवीस गाड्या झाल्या. उरली उकंड्याची. त्याने ऐटीत कासरा नबीकडे ओढला. पण बैल रोजच्या सवयीने चालत गेले ते थेट खुशालच्याच गाडीमागे. सगळा तळ हसला. उकंड्याने पराणी उगारली.

खुशालने त्याचा हात धरला. "बैलायले कावून मारतं बे? त्यायले सवय हाय. याची गाडी नबीकडं धरा रे!"

नबी जिंकला. गुलाल उधळला. उकंडा मात्र जागच्या जागी जळत राहिला. मेल्याने हरतानासुद्धा मोठेपणा आपल्याच गाडीत भरून नेला!