धुळीचा क्लास

“काका, हे मशीन कुणी पुसलं?”

“मीच,” मच्छिंद्र म्हणाला. “फोटोला माणसं येणार म्हणल्यावर सकाळीच झाडून घेतलं सगळं.”

आनंद सरांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या मागे बारा जण गळ्यात कॅमेरे अडकवून उभे होते. आठवडाभर हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसणारे, आज ओसाड इमारतींचे फोटो काढायला शिकणारे.

“वा. आम्ही इतक्या लांबून धुळीसाठी आलो आणि आपण ती झाडून ठेवलीत.”

सगळे हसले.

कोथरूडचा हा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती. मालकानेच तो ओसाड केला आणि आता ती ओसाडी रविवारी भाड्याने देत होता. मच्छिंद्र तिथला वॉचमन. त्याआधी बावीस वर्षं तिथलाच टर्नर, लेथवर लोखंड कातणारा. शेडमध्ये उरलेलं शेवटचं लेथ त्याचंच. उद्या भंगारवाला ते नेणार होता. म्हणून त्याने खंडेनवमीला करायचा तसं ते पुसलं, तेल दिलं, कुंकू लावून झेंडूचा हार घातला. कारखाना चालू असताना आत कॅमेऱ्याला बंदी होती. मशीनसोबतचा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता.

“माझा एक काढता का मशीनसंगं?”

“फ्रेममध्ये माणूस नको,” सर वर्गाला म्हणाले. “माणूस आला की ओसाडपणा मेला. फ्लॅश बंद. बाजूचा उजेड शोधा.”

“सव्वानऊला त्या फुटक्या काचेतनं ऊन येतं,” मच्छिंद्र म्हणाला. “सरळ मशीनवर. वीस मिनिटं टिकतं.”

सरांनी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून पाच.

श्रद्धा नावाची मुलगी जवळ आली. “काका, तुमचा मी काढते, नक्की. पण आधी थोडी धूळ परत टाकता येईल? प्लीज?”

कारखाना चालू होता तेव्हा तेल दिलेल्या मशीनवर धूळ टाकणाऱ्याच्या कानाखाली फोरमन वाजवत असे. मच्छिंद्रने हार काढून खिशात ठेवला. दारामागचा केर घमेल्यात भरून आणला आणि मुठीमुठीने मशीनवर टाकला. तेलावर तो लगेच चिकटला.

“मस्त,” कुणीतरी म्हणालं.

ऊन आलं. बारा कॅमेरे वाजत राहिले. मच्छिंद्र खांबामागे उभा होता, कुणाच्या फ्रेममध्ये येऊ नये म्हणून.

ऊन सरकल्यावर सर म्हणाले, “पाच मिनिटांत निघायचंय.”

“काका, या,” श्रद्धाने हाक मारली. “उभे राहा पटकन.”

मच्छिंद्रने फडकं घेतलं आणि मशीन पुसू लागला.

“राहू द्या ना, असंच भारी दिसतंय.”

“असं नाय. असं मी कधी ठेवलं नव्हतं.”

“अहो, पण वेळ नाहीये.”

“मग जावा तुम्ही.”

बाहेर हॉर्न वाजला. “सॉरी काका,” म्हणून ती गेली.

मशीन स्वच्छ व्हायला दुपार झाली. मग त्याने पुन्हा तेल दिलं, चुरगळलेला हार घातला.

सोमवारी भंगारवाल्याची माणसं आली. मशीनला दोर बांधताना एकाचा हात सटकला.

“ह्याला तेल कुणी चोपडलं? धरताच येईना.”

“मीच,” मच्छिंद्र म्हणाला, आणि दुसऱ्या बाजूने हात लावला.