दिलाशाचा बाण

गेल्या वर्षी मी उलटे बाण काढले, हे खरं आहे. लपवून काय करू? एकेचाळीस माणसं किल्ल्याच्या टेकडीला वळसा घालून त्याच चहाच्या टपरीसमोर दोनदा आली, आणि आमच्या सायकल क्लबचे सेक्रेटरी तर तीनदा. तिसऱ्या वेळी टपरीवाला म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी खुर्ची राखूनच ठेवतो." तेव्हापासून सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसलेले नाहीत.

पण चूक कशी झाली तेही ऐका. माझा धंदा पाट्या रंगवायचा. चाळीस वर्षं दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या रंगवल्या, तेव्हा क्लबच्या मोठ्या फेरीचे बाण रंगवायचं काम माझ्याकडे आलं यात नवल नाही. फेरी नव्वद किलोमीटरची. दर वळणाला रस्त्यावर तीन बाण. पहिला वळणाच्या आधी शंभर पावलांवर, तो इशाऱ्याचा. दुसरा ऐन वळणावर. आणि तिसरा वळण घेतल्यावर तीस पावलांवर, तो दिलाशाचा. बरोबर वळलास, चल पुढं, एवढंच तो सांगतो. तर गेल्या वर्षी रंगवायला निघाले तेव्हा वारा समोरून असा सुटला होता की काही विचारू नका. म्हटलं, शेवटाकडून सुरुवात करू, वारा पाठीला घेऊ आणि बाण तेवढे मनात फिरवून काढू. दगडी पुलापर्यंत फिरवले बरोबर. पुढं मन कुठं गेलं कोण जाणे, हात आपला मी जात होते त्याच दिशेला बाण काढत सुटला.

एवढ्या एका चुकीवरून सेक्रेटरींनी यंदा माझा रस्ताच काढून टाकला.

क्लबची मीटिंग सायकलच्या दुकानावरच्या खोलीत होते. खाली कुणीतरी चाकात हवा भरत असतं आणि वर आम्ही कारभार करतो. सेक्रेटरी विम्याच्या कंपनीत आहेत, त्यामुळे साधी गोष्टही ते भिंतीवर तक्ता पाडून सांगतात. "यंदा हायवे," ते म्हणाले. "रस्ता गुळगुळीत, नकाशा प्रत्येकाच्या मोबाईलवर. बाण बंद."

मी उभी राहिले. म्हटलं, "सेक्रेटरीसाहेब, त्या हायवेवर सिमेंटच्या गोदामासमोर आमचे हे गेले. भर सकाळी, मागून आलेल्या ट्रकनं. म्हणून तर पुढच्या वर्षी मी फेरी तिथून उचलली आणि जुन्या रस्त्यावर नेली. विसरलात?"

"काकू, त्याला अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "आता चौपदरी आहे."

"ट्रक काय चालत जातात आता तिथून?"

सेक्रेटरींनी सरळ हात वर करायला सांगितलं आणि हायवेच्या बाजूनं वर गेलेला पहिला हात माझ्या लेकीचा होता.

माझी लेक दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायची सवय, दुसऱ्याचं ऐकायची नाही. वय त्रेचाळीस, त्यामुळे कान धरायची सोय उरलेली नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "हात वर करताना जड नाही का गं झाला?"

"आई, तू एका रस्त्यावर राग धरून सगळ्यांना खड्ड्यांतून नेतेस," ती म्हणाली. "किती वर्षं?"

"मी आहे तोवर."

"मग मी काय म्हणू?" असं म्हणून तिनं फेरीचं नवं कार्ड टेबलावर टाकलं आणि आत निघून गेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण खोटं कशाला बोलू, रागाच्या खाली भीती होती. बाप गेला त्याच जागेवरून, त्याच सकाळच्या वेळी, माझी एकुलती एक लेक सायकलवरून जाणार होती.

त्या रागातच मी कार्ड हातात घेतलं. छान गुळगुळीत कागद, वर क्लबचं नवं चिन्ह. मागे मात्र जुने नऊ नियम जसेच्या तसे छापलेले. ते ह्यांनी लिहिलेले, वीसेक वर्षांपूर्वी, आमच्या दुकानात बसून. सेक्रेटरींनी वाचायची तसदी न घेता छापायला दिले होते. सातवा नियम असा: कागद एक सांगत असेल आणि बाण दुसरं, तर बाण खरा, कारण बाण काढणाऱ्यानं रस्ता सगळ्यात शेवटी पाहिलेला असतो.

बाण बंद, असं ते भिंतीवरच्या तक्त्यात म्हणाले होते. कार्डावर कुठंच नव्हतं. मी कार्ड टेबलावर जिथं होतं तिथं ठेवलं आणि रंगाचा डबा शोधायला लागले.

शनिवारी भल्या सकाळी निघाले. वारा समोरूनच होता, पण कानाला खडा लावला होता: यंदा सुरुवातीकडूनच जायचं, मेले तरी. जुना रस्ता म्हणजे कुठल्याशा राजानं टपालाच्या घोड्यांसाठी बांधलेला. आता एक गाडी जेमतेम जाईल एवढीच डांबराची पट्टी उरलीय. कडेला मैलाचे दगड आहेत, त्यावरची अक्षरं बोटानं चाचपली तरच लागतात. मध्ये एका पडक्या वेशीच्या कमानीखालून जावं लागतं आणि तिथं आत शिरताच गार वाटतं. दिवसभरात मला दोन ट्रॅक्टर, एक मेंढपाळ आणि त्याची न हलणारी मेंढरं भेटली. मेंढरांनी माझा एक बाण तुडवला, तो पुन्हा काढला. दर बाणाला गुडघा टेकायचा, उठायचं, पुन्हा सायकल. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. लेकीनं विचारलं, कुठं होतीस? म्हटलं, रंगाचं काम होतं. खोटं नव्हतं.

एकच वळण ठेवलं होतं, सगळ्यात पहिलं. शहर संपल्यावर डावीकडे जुना रस्ता फुटतो आणि सरळ हायवे लागतो, ते. तिथले बाण आदल्या दिवशी काढले असते तर सेक्रेटरींनी पुसून घेतले असते, म्हणून रविवारी पहाटेच जाऊन बसले. उजाडलं तसा इशाऱ्याचा बाण काढला. वळणाचा काढला. मग जुन्या रस्त्यावर तीस पावलं मोजून तिसऱ्याला गुडघा टेकला, सरळ दांडी ओढली, आणि गुडघा अडकला. साफ अडकला. ना पुढं ना मागं. कशीबशी सरकत कडेच्या मैलाच्या दगडाला टेकून बसले. रस्त्यावर नुसती दांडी, तिला डोकं नाही, ब्रश डब्यावर आडवा आणि मी हात लांब करून उपयोग शून्य.

तेवढ्यात सायकली आल्याच. पुढे सेक्रेटरी, मोबाईल हँडलला लावलेला, तो सारखं सरळ जा म्हणत होता. मागचे मात्र वळणाचा बाण बघून थांबले. सवय असते ती. एक थांबला की सगळे थांबतात.

"काकू! हा काय प्रकार आहे?" सेक्रेटरी सायकल हातात धरून माझ्याकडे आले. त्यांच्या मागोमाग सगळे.

"नियम सातवा," मी बसल्या बसल्या म्हटलं. "तुमच्याच खिशात आहे. मोठ्यानं वाचा."

वाचला त्यांनी. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. मागून कुणीतरी खुदकन हसलं.

"यांनी गेल्या वर्षी उलटे बाण काढले होते!" ते सगळ्यांकडे वळून ओरडले.

"काढले होते. म्हणून काल नव्वद किलोमीटर वारा तोंडावर घेऊन सुरुवातीकडून गेलेय. दर बाणाला हा गुडघा टेकलाय. एक जरी उलटा निघाला तर पुन्हा ब्रश हातात धरणार नाही."

पण माणूस विम्याचा. बारीक अक्षरं वाचायला एकदा सुरुवात केली की थांबत नाही. "नियम आठवा," ते म्हणाले, आणि आता आवाज चांगला मोठा झाला. "वळणानंतर दिलाशाचा बाण दिसला नाही तर वळण चुकलं असं समजून मागे फिरावं. कुठंय बाण? ही तर रेघ आहे."

खरं होतं ते. ह्यांचाच नियम आणि माझ्याच गळ्यात. मी उठायचा प्रयत्न केला, डोळ्यांसमोर काजवे चमकले, पुन्हा बसले. एकेचाळीस माणसांमधून एक पुढं येईना. सेक्रेटरींशी वाकडं कोण घेणार?

मग गर्दीतून लेक पुढं आली. सायकल आडवी टाकली, सरळ डब्यापाशी आली आणि ब्रश उचलला. दांडीला डोकं नव्हतं ना. ती कुठल्याही टोकाला डोकं काढू शकत होती. हायवेकडच्या टोकाला काढलं असतं तर माझ्याच रंगानं माझा रस्ता बंद झाला असता.

ती खाली बसली, पण रंगवेना. "आई," ती हळू म्हणाली, "मी अकरा वर्षं त्या गोदामासमोरून सायकलवर गेलेली नाही. गाडीतून जाते तेव्हा डोळे मिटते. मला एकदा तिथून जायचं होतं. सगळे बरोबर असतील तर जमेल असं वाटलं, म्हणून हात वर केला."

हे मला कुणी सांगितलं असतं तर! अकरा वर्षं एका घरात राहतो आम्ही. मी नुसती रस्ता बदलून मोकळी झाले होते, ही काय बदलणार?

"मग जा ना," मी म्हटलं. "मी नाही अडवत. मी येते बरोबर. पण तुझ्या भीतीपायी चाळीस घरची माणसं ट्रकांपुढं नको नेऊस. तुझी भीती तुझी आणि माझी. आपण दोघी बघून घेऊ."

"सोमवारी माझा दवाखाना बंद असतो."

"बरं. सोमवारी."

"तुझा गुडघा?"

"गुडघ्याला कोण विचारतंय? तू डोकं काढ आधी."

तिनं काढलं. जुन्या रस्त्याच्या दिशेला. लोकांचे दात घासून घासून माणसाचा हात सरळ होत असेल असं मला वाटायचं, पण कसलं काय, एक बाजू लांब आणि एक आखूड. माझ्या दुकानातून अशी पाटी बाहेर गेली नसती. मी म्हटलं, "असू दे."

तिनं सायकल उचलली आणि निघाली. तिच्या मागे दोन, मग दहा, मग सगळेच. सेक्रेटरी तेवढे तरातरा हायवेला गेले, एकटेच. मी दगडावर बसून गुडघा चोळत राहिले. पंधरा मिनिटांनी सेक्रेटरी परत आले. डोक्यावरचं हेल्मेट वाकडं, तोंड पांढरं पडलेलं, काहीतरी मोठं त्यांच्या फार जवळून गेलं असणार. माझ्यासमोर थांबले, बाणाकडे बघितलं.

"उलटा नाही ना हा?"

"लेकीनं काढलाय," मी म्हटलं. "जा."