गिल्ला भात

परसराम आणि मंगलाबाई यांचं भांडण भातावरून सुरू झालं, ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. परसरामांना भात गिल्ला लागायचा, बोटांना चिकटेल असा. मंगलाबाई शिजवायच्या मोकळा, शिताला शीत न लागणारा. "भात आहे का रेती?" असं ते ताट ओढताना म्हणायचे. "लेकरावानी पेज पायजे त मायकडे जा," असं त्या म्हणायच्या. पुढे विषय वाढत गेले. पंखा किती जोरात फिरवायचा, पोरीचं नाव काय ठेवायचं, बससाठी किती वाजता निघायचं. पण भात आपल्या जागी कायम राहिला. शेजारच्या ललिताबाईंना एखाद्या दिवशी त्या घरातून आवाज आला नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग मंगलाबाईंचं पोट दुखायला लागलं. नागपूरला तपासण्या झाल्या, सुया झाल्या, केस गेले, पुन्हा थोडे आलेही. शेवटी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. कॅन्सर यकृतात पसरला होता. आता आणखी सुया दिल्या तर नुसता त्रासच वाढणार होता. मंगलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा चालते न?" चहा चालत होता. निघताना डॉक्टर परसरामांना म्हणाले, "दुखण्याचं औषध वेळेवर द्या, मऊ खाऊ घाला आणि त्यांना खूश ठेवा."

परसरामांची सगळी नोकरी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली होती. बारूद हाताळणाऱ्या माणसाला सूचना म्हणजे सूचना. काडीपेटी गेटवर ठेवा म्हटलं की ठेवायची, 'काहून' म्हणून विचारायचं नाही. 'खूश ठेवा' हीसुद्धा त्यांनी तशीच पाळली. घरात ते पाय न वाजवता चालू लागले. पातेली दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवू लागले. आणि मंगलाबाई काहीही बोलल्या, की ते म्हणायचे, "हो."

भात आता तेच शिजवायचे, आणि तो गिल्लाच असायचा. आयुष्यभराचं भांडण ते न भांडताच जिंकले होते. त्याचा त्यांना काडीचाही आनंद नव्हता, कारण मंगलाबाईंचं खाणं रोज कमी होत चाललं होतं. अर्ध्या वाटीवरून ते दोन घासांवर आलं. कालपासून तर त्या वाटीकडे बघतही नव्हत्या.

त्या सकाळी खाटेवर उशीला टेकून बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "पंखा लय हळू चालून राहिला."

"हो, हळूच आहे."

"नाई, जोरानं चालून राहिला."

"हो, जोरानंच आहे." परसराम उठून रेग्युलेटरपाशी गेले आणि तो कोणीकडे फिरवावा हे न कळून तिथेच उभे राहिले.

"रश्मीचं नाव तुमी ठेवलं ते बेकारच ठेवलं."

"हो."

मंगलाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "आन तुमच्या मायच्या हातची सुकसीची भाजी मले कधीच आवडली नाई."

सुकी मासळी त्यांच्या आईसारखी साऱ्या गावात कोणी करत नव्हतं. "हो," ते म्हणाले. "असंल."

मंगलाबाईंनी समोरची भाताची वाटी बाजूला सारली. "का जी, मी मेली का?"

"काय बोलून राहिली वो!"

"मंग असे काहून करता? मेलेल्या माणसाशीच कोणी भांडत नाई. त्याले सारे हो ला हो करतेत."

"डॉक्टरनं सांगतलं, खूश ठेवा म्हणून."

"मी का बारूद आहो, हात लावला का फुटन? मी अजून आहो न इथं! जवा भांडाल, तवा जेवीन. नाईतर ठेवा तो भात झाकून."

परसराम खुर्चीवर बसले. इतक्या दिवसांत सवय मोडली होती. घसा साफ करून ते म्हणाले, "मायची सुकसी चांगली होती."

"ऐकू नाई आलं."

"चांगली होती!"

"माह्यापेक्षा?"

"तुह्यापेक्षा लय चांगली!" आणि बोलता बोलता त्यांना खरोखरच राग आला. "तुले कधी धुता तरी आली का सुकसी? दाताखाली रेती करकर करे! भातात रेती, भाजीत रेती, मी का घर बांधाले बसलो होतो?"

"रेती?" मंगलाबाईंनी वाटी ओढली. "सात पाण्यातून काढत होती मी!" एक घास तोंडात गेला. "तुमची माय त मुंडकीबी काढत नव्हती!" दुसरा गेला. आवाज बारीक झाला होता, पण त्याची धार तीच होती. परसरामांनी वाटीकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. भांडण थांबू देऊन चालणार नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मंगलाबाईंच्या माहेरच्या वरणाच्या विषयाला हात घातला.

तेवढ्यात ललिताबाई धावत आल्या. "जयभीम! परसरामभाऊ, लाज नाई वाटत? बिमार बाईशी भांडून राहिले?"

"ललिते, तू मधात पडू नको," मंगलाबाई घास गिळत म्हणाल्या. "आमाले भांडू दे."

ललिताबाईंनी एकदा मंगलाबाईंकडे पाहिलं, एकदा वाटीकडे. मग पदर सावरून त्या खाटेच्या कडेवर टेकल्या. "तसं खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "सुकसी तुमची सासूसुनेची, दोघींचीबी खारटच होती."

"खारट?" दोघेही एकदमच त्यांच्यावर तुटून पडले.

वाटी संपली नाही, पण तळ दिसू लागला. दुखण्याची गोळी घेऊन मंगलाबाई आडव्या झाल्या. "दमली मी," त्या म्हणाल्या. "बाकीचं उद्या."

"उद्या भातावर," परसराम म्हणाले. "गिल्लाच चांगला असते. आता तरी कबूल कर."

"कधीच नाई," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

ललिताबाई घरी गेल्या. परसराम पाय वाजवत भिंतीपाशी गेले आणि कोणाला न विचारता त्यांनी रेग्युलेटर फिरवला.

"जोरानं केला न?" खाटेवरून आवाज आला. "कमी करा."

"नाई करत," भिंतीकडे तोंड करून परसराम म्हणाले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.