लिंबोणीला कबाबाचा वास

भिंगारमधल्या त्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं, आणि हंडा नीट लावेपर्यंत जायचं. बानूच्या अंगणातली लिंबोणी वाळून काटक्या झाली. रोप तिनं काष्टीच्या माहेराहून मांडीवर घेऊन आणलेलं.

सासरे बाबाजान म्हणाले, "पुढच्या महिन्याच्या पयल्या जुम्म्याला पालवी दिसली न्हाई तर तोडनार. तिथं स्कूटर लावू."

"तोडून तर बघा, अब्बा!" म्हणत बानू न्हाणीचं सांडपाणी गाळायच्या तयारीला लागली. ओळीनं तीन ड्रम. एकात खडी, एकात वाळू, एकात कोळसा. कोळसा आणायचं काम नवऱ्याकडं. फैयाजची कबाबची गाडी. त्यानं डोकं चालवलं, शेगडीतले विझलेले कोळसेच आणून ओतले. वर्षभर चरबी प्यालेले!

पाणी आलं नितळ, वास मात्र सीख कबाबाचा. संध्याकाळपर्यंत गल्लीतली झाडून सगळी मांजरं हजर. त्यांना वाळूचा ड्रम दिसला आणि आयती सोय झाली.

शेजारच्या माळकरी छबूबाई नाकाला पदर लावून आल्या. "बानू, तुझं झाड मटन खायला लागलं का गं?"

बानू नवऱ्याकडं वळली. "अवो, कोळसा कुठला?"

"आपल्याच गाडीचा. वाया कशाला घालवायचा?"

"मग उपसा आता. वाळूसकट!"

फैयाजनं उपसलं. बानूनं खडी तीनदा धुतली, वखारीतला कोरा कोळसा आणला, नवी वाळू चाळून भरली. मांजरांसाठी वर जाळी हवी होती. तिनं फैयाजच्या कबाबाच्या सळया उभ्या-आडव्या बांधून टाकल्या.

"अगं, धंदा?"

"पालवी येस्तोवर आम्लेट विका."

तीन आठवडे त्यानं आम्लेट विकलं. गिऱ्हाईकं शिव्या घालून खात होती. बानू रोज सकाळी वाळूवरचा साबणाचा थर खरवडायची अन् झाडाला पाणी घालायची.

जुम्म्याला बाबाजान कुऱ्हाड घेऊन अंगणात आले. चष्मा पुसून फांदीशी वाकले.

"तीनच पानं हायेत."

"तुमी पालवी म्हनला होता, अब्बा. आकडा न्हाई सांगितला."

बाबाजाननी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "नमाजाआदी हातपाय धुतो, ते माझ्या वजूचं पानी गटारात जातं न्हवं? पाच टाइमचं. त्यात तर साबन बी नसतो."

बानूनं फैयाजला हाक मारली, "अवो, पाइप आना. नवा!"