दुसरा एम

१९८४ साली वाशीत मालतीबाईंच्या टायपिंग क्लासमध्ये माझ्या शेजारच्या मशीनवर सरस्वती बसायची. ती कोपरखैरणे गावातली, आम्ही गिरगावातून नव्या बिल्डिंगीत आलेलो. तिची बोटं माझ्यापेक्षा कितीतरी जलद चालायची. स्पेलिंगात मात्र ती अडायची आणि अडली की मलाच विचारायची.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात टायपिस्टची एकच जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केला. मालतीबाईंनी नेहमी चुकणारे शब्द घोटून घेतले. 'अकॉमोडेशन'साठी म्हणाल्या, "त्या घरात चंदू-चिंगी आणि मधू-मंदी अशी चौघं राहतात. दोन सी, दोन एम. कुणाला बाहेर काढायचं नाही." आम्ही खूप हसलो. भावाची हळद असल्यामुळे सरस्वती त्या दिवशी आली नव्हती.

परीक्षेच्या सकाळी कारखान्याच्या गेटजवळ तिनं विचारलं, "अरुना, अकॉमोडेशनमदी एम यक हाय का दोन?"

"एक," मी म्हणाले.

घाईत तोंडून गेलं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण उत्तर देण्याआधी मी जराशी थांबले होते.

परीक्षेत साहेबांनी तोंडी सांगून टाइप करायला लावलेलं पत्र इंजिनिअरांच्या राहण्याच्या सोयीबद्दल होतं. तो शब्द त्यात चारदा आला. नोकरी मला मिळाली.

सरस्वती अभिनंदन करायला घरी आली. आईला म्हणाली, "मावशी, सायबांनी पेपर दाखवला. यकाच शब्दाच्या चार चुका. अरुनानं बराबर सांगितलं असंल, मीच उलटं ध्यानात ठेवलं." मी चहा गाळत राहिले.

सहा महिने ऑफिसात तो शब्द टाइप करताना मी दुसऱ्या एमपाशी थांबायचे. शेवटी एका रविवारी मी तिच्या घरी गेले आणि ओटीवर बसून सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजी मी बराबर आयकलं व्हतं."

"हो."

"आनि मी इतके दिवस सोताला बेअक्कल म्हनत व्हते."

ती उठून आत गेली. तिची आई, पुतळाबाई, चहा घेऊन आली, माझ्या आईची चौकशी करत बसली. सरस्वती बाहेर आली नाही.

पुढे तिला उरणला नोकरी लागल्याचं कळलं. लग्नाची पत्रिका आली, ती फक्त आईच्या नावानं.

"तुझं नाव घालायचं राहिलं वाटतं," आई म्हणाली.

"असेल," मी म्हटलं.