जव गार होऊ द्या

मी एक जुना, पोचे पडलेला पत्र्याचा ड्रम आहे, मित्रांनो. आधी माझ्या पोटात ऑलिव्हचं तेल असायचं. सिलियाना गावाजवळच्या माळावर राहणाऱ्या मोन्सेफनं मला आडवं करून आरपार दांडा घातला, मूठ बसवली, आणि मी त्याच्या कोंबड्यांचं खाद्य कालवू लागलो.

मका परवडेना म्हणून तो भरडलेले जव घालायचा. नुसत्या जवानं पिल्लांच्या पोटात खळ होते, विष्ठा चिकट पडते, खालचा भुसा ओला राहतो आणि शेडमध्ये डोळे चुरचुरतात. म्हणून तो एन्झाइमची पावडर आणायचा. तिच्यामुळे जव पचतात. मूठभर पावडर आधी कोंड्यात मिसळायची, मग माझ्यात टाकायची आणि मला सावकाश फिरवायचं. सगळं कोरडं, गार. आमच्या शेडमधला भुसा पायाखाली कुरकुरायचा. बघायला येणारे मला थोपटून जायचे, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

हिवाळ्यात मोन्सेफ गेला. त्यानं सांगून ठेवलेली पिल्लं त्याला माती दिल्यावर आली. त्याची बायको वसीला रडत रडतच कामाला लागली. धाकटा दीर तिजानी म्हणाला, ही पिल्लं जगली तर ठीक, नाहीतर शेड मोडून पत्रे विकू.

एवढ्या थंडीत लेकरांना गार कसं घालायचं, म्हणून वसीला कुसकुस वाफवायच्या मोठ्या भांड्यात जव वाफवायची, वाफाळतेच माझ्यात ओतायची आणि वर पावडर टाकायची. त्या उष्णतेनं पावडर मरत होती. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं? भुसा ओला झाला. पिल्लं खुरटली, मग रोज दोन-चार मरू लागली.

तिजानी नाक धरून दारात उभा राहिला. "वहिनी, कोंबड्यांचा एवढा पाहुणचार? आता पुदिन्याचा चहाही पाजा."

वसीला मेलेली पिल्लं टोपलीत भरत राहिली.

मग मोन्सेफला जाऊन चाळिसावा दिवस आला. पाहुण्यांच्या जेवणासाठी ते भांडं घरात अडकलं. पाहुणे काही दिवस राहिले, त्यामुळे जव न वाफवता गारच कालवावे लागले. ते गेले त्या सकाळी वसीलानं शेडमध्ये वाकून चाळिसाव्याच्या दिवशी वर पसरलेला भुसा मुठीत घेतला. इतक्या दिवसांनीही तो कोरडा होता. ती माझ्याजवळ येऊन बसली.

"भाऊजी, गारच का कालवायचे ते आज कळलं," ती दारात आलेल्या तिजानीला म्हणाली. "मी जन्मभर म्हणत आले, ह्यांना चूल पेटवायचाही आळस."

तिजानीनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. उरलेली पिल्लं जगली, आणि शेड मोडायचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

आता मी गंजलोय, माझी मूठ डगडगते. जव ओतण्याआधी वसीला त्यांत हात घालून बघते, तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तसं. मित्रांनो, आमच्यासारख्यांना पुसून सावलीत ठेवा आणि ती पावडर चुलीपासून लांब ठेवा, एवढं मी मागेनच. पण घरातलं माणूस एखादं काम तसंच का करतं, हेही ते असेपर्यंत विचारून घ्या. मला तोंड नव्हतं. मोन्सेफला होतं, त्याला कुणी विचारलंच नाही.