हिरड्याचा ग्लास

अरे थांबा, वासिफचं काय झालं ते मलाच सांगू द्या, मी त्याच्याकडंच कामाला, ग्लास मीच भरला होता.

तर वासिफ कापडाला झाडपाल्याचा रंग देतो, डाळिंबाची सालं, झेंडू, असलं. पण बाजारात जो तो केमिकलच्या पुडीचा रंग लावून 'नैसर्गिक' म्हणून विकतोय, मग याच्याकडं कोण येणार? जैतुनखालानं, म्हंजी त्याच्या मावशीनं, सांगूनच टाकलं होतं, "ही ऑर्डर गेली तर रंगाचे हंडे भंगारात, आन् तू बजाजनगरला कंपनीत कामाला."

ऑर्डर म्हंजी पुण्याच्या सुकेशनी मॅडमची, दोनशे ओढण्यांची. मॅडम आल्या, पिवळी ओढणी चाचपली आन् म्हणल्या, "सकाळपासून तिघांनी मला 'अस्सल नैसर्गिक' म्हणूनच सांगितलं. तिघांच्याही मागच्या खोलीत पुड्या सापडल्या."

वासिफ तापला. "मॅडम, आमचा रंग पिऊन दाखवतो. राम्या, डाळिंबाचा ग्लास भर."

आता तिथं दोन हंडे शेजारी-शेजारी, दोन्हींत तसलंच पिवळट पाणी. एकात डाळिंबाची सालं. दुसऱ्यात हिरडा, रंग पक्का बसावा म्हणून कापड आधी त्यात बुचकळतात. घाईत मी भरला हिरड्याचा. रात्रभर भिजलेला, लई घट्ट. तुमच्या घरी हिरडा कशासाठी देतात माहितीये ना? तिथं चमचाभर देतात.

यानं अख्खा ग्लास घटाघटा मारला. तोंड वाकडं झालं, पण म्हणतो, "शरबत हाय, मॅडम."

खालानं हंड्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आन् हळूच म्हणली, "राम्या, संडासात बादली भरून ठेव."

मॅडमला एक ओढणी पहिल्यापासून रंगवताना बघायची होती. तासभर बरा गेला. मग वासिफ "हा रंग उन्हात..." एवढं म्हणला आन् पळाला. आला, "...खुलतो" म्हणला, परत पळाला.

"यांना काय झालं?"

खाला ढिम्म. "हिरडा पिला त्यानं. चुकून."

मॅडम जे हसत सुटल्या, स्टुलावरच बसल्या. "म्हणजे हिरडा तरी खराच आहे! एवढा खरा रिपोर्ट मला कुणीच दिला नव्हता. ऑर्डर तुमची. पण दर खेपेला रंगाचा एक ग्लास पितानाचा व्हिडिओ पाठवायचा."

"पाठवतो की," खाला लगेच म्हणली. "पोरगं तगडं हाय." आन् संडासाच्या दाराशी जाऊन वासिफला सगळं सांगितलं.

आतून आवाज आला, "खाला, बजाजनगरचा फॉर्म कुठं ठिवलाय?"

नाय भरला त्यानं फॉर्म. काल तिसरी खेप गेली, व्हिडिओ पण गेला. फक्त आता ग्लास भरला की आधी दोन घोट मला पाजतो, मग तासभर माझ्याकडं बघत बसतो.